साळीपेठेतलं डासांचं लग्न

एका शहरात, साळीपेठेत, पिराजी नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सांगितलेलं काम तो अक्षरही न गाळता करायचा. मागच्या वर्षी त्याची बायको हौसा डेंग्यूतून मरता मरता वाचली. म्हणून पेठेत डासांचं केंद्र निघालं, तेव्हा पिराजी आपण होऊन तिथे कामाला लागला.

केंद्राच्या डॉक्टर सबनीस मॅडम म्हणाल्या, “पिराजी, या डासांच्या अंगात चांगले जंतू आहेत. त्यांच्यापुढे डेंग्यूचं काही चालत नाही. हे डबे पेठेत सोडून या.”

पिराजी गेला. चौकात डबे सोडले आणि परत आला.

“उडाले का डास?”

“कसे उडतील? ते डब्यात आहेत. तुम्ही डबे सोडायला सांगितलेत.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. “अहो, झाकणं उघडायची! जा, झाकण दिसलं की उघडा!”

पिराजी पळाला. डब्यांची झाकणं उघडली. मग पिंपांची उघडली, रांजणांची उघडली, गच्च्यांवरच्या टाक्यांची उघडली. एका घरात कुकर होता. तिथे मात्र तो तिसरी शिट्टी होईपर्यंत थांबला.

बायका पदर खोचून केंद्रावर आल्या.

“पिराजी!” मॅडम ओरडल्या. “उघड्या पाण्यात रोगाचे डास अंडी घालतात. साठलेलं पाणी दिसलं की आधी ओतून टाकायचं!”

पिराजीला पटलं. मागे वळून बघतो तर काय, केंद्रातच चाळीस परातींत पाणी साठलेलं! वर त्यात अळ्या वळवळत होत्या. त्याने चाळीसही पराती मोरीत ओतल्या, घासल्या आणि पालथ्या घातल्या.

मॅडम मटकन खाली बसल्या. “ती आपली पिल्लं होती हो, पिराजी.”

पिराजीला रडूच फुटलं. “आता काय करायचं?”

“हे शेवटचे दोन डबे उरलेत. यांची इथल्या डासांशी लग्नं लागली, की पुढच्या पिल्लांतही चांगले जंतू उतरतील. तेवढं झालं तरी पेठ वाचेल.”

“लागतील मॅडम,” पिराजी डोळे पुसत म्हणाला. “थाटात लागतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गटाराकाठी मांडव पडला. मुलाकडचे डब्यात होते, मुलीकडचे गटारावर. बँड आला. हौसाने घरोघरच्या माणसांना अक्षता वाटल्या. पिराजीने मधे पंचा धरला, अंतरपाट म्हणून. गुरुजींनी जरा कुरकुर केली, पण मंगलाष्टकं म्हटली.

“शुभमंगल सावधान!”

पंचा खाली आला. झाकणं उघडली. दोन्हीकडची मंडळी मांडवभर झाली. आणि अख्ख्या साळीपेठेने रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवल्या. कडकडून वाजवल्या. एरवी लग्नात वाजतात, त्यापेक्षा बराच वेळ वाजवल्या.

मॅडम धापा टाकत आल्या. “पिराजी, डास कुठे आहेत?”

पिराजीची छाती अभिमानाने फुगली होती.

“काळजीच नको मॅडम. नवरे काय, नवऱ्या काय, लोकांनी सगळ्यांना अगदी तळहातावर घेतलंय!”