उजळलेला फोटो

एका तालुक्याच्या गावात, एस.टी. स्टँडसमोर, एक फोटो स्टुडिओ होता. मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांना एकुलती एक मुलगी, केतकी. नाव केतकी आणि रंग सावळा, यावर तिच्या सुमनआत्यांनी आयुष्यभर पुरतील एवढे विनोद केले होते.

स्टुडिओत एक हिरवा शालू कायम खुंटीला असे. स्थळांना पाठवायचा फोटो काढायला आलेली प्रत्येक मुलगी तोच नेसे आणि तळं-हंस रंगवलेल्या पडद्यासमोर उभी राही. गावातल्या निम्म्या नवरदेवांनी आधी तो शालू पाहिला होता, मग बायको. नंतर अण्णा खिडकीपाशी बसून निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवत, आणि कागदावर मुलीचा चेहरा उजळून येई. तो औषधांचा आंबूस वास, दोरीवर चिमट्यांनी लटकवलेले ओले फोटो, केतकीचं बालपण त्यातच गेलं. अण्णांचा एक नियम होता. छापण्याआधी नमुना गिऱ्हाइकाला दाखवायचाच. "चेहरा त्याचा आहे, आपला नाही," असं ते म्हणत आणि पुन्हा पेन्सिल हातात घेत. यात कुणालाच काही वावगं दिसत नसे.

पुढे पेन्सिल गेली, कॉम्प्युटर आला. केतकी लग्नाची झाली तेव्हा तिचाही फोटो उजळला गेला. पाहुणे आले. मुलाच्या आईने फोटोकडे पाहिलं, केतकीकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं.

"ही धाकटी बहीण का?" त्यांनी विचारलं.

पोहे मात्र संपवून गेले.

त्यानंतर केतकीने ओळखी जुळवणाऱ्या एका अ‍ॅपवर स्वतःचा न उजळलेला फोटो टाकला. तिथे तिला ओटिएनो भेटला. मूळचा केनियातल्या एका तळ्याकाठचा, आता पुण्यात पंपांच्या कारखान्यात इंजिनियर.

"तुमच्या गावात सिंह येतात?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"सिंह आम्हीही तिकीट काढूनच बघतो," त्याने लिहिलं. "तुमचा हत्ती अंगणात बांधता की परसात?"

केतकी ओशाळली, मग एकटीच हसत सुटली. हळूहळू कळलं, की त्याला भेटणारा प्रत्येक जण 'तू फार पळत असशील' म्हणतो, आणि हा दोन जिने चढला की कठडा धरून उभा राहतो. त्यालाही वाटत होतं, की इथल्या मुली उठताबसता नाचतात. ही तर वरातीत इतरांच्या चपला सांभाळणारी. मग दोघांनी ठरवून टाकलं. ऐकलेलं बाजूला ठेवायचं आणि समोरच्याला विचारायचं. मासळीचं कालवण कसं करता, आई रागावली की काय म्हणते, असलं विचारता विचारता ओळख वाढली. रविवारी पुण्यात भेटीही होऊ लागल्या. त्या पाहुण्यांची गोष्ट केतकीने फक्त त्याला सांगितली होती.

एक दिवस तिने धीर करून घरी विषय काढला. आईने पदर तोंडाला लावला. आत्या म्हणाल्या, "अगं, रंगावर काही उतारा शोधायचा, तर ही अजून गडद आणायला निघाली!"

अण्णा एवढंच म्हणाले, "आधी फोटो बघू."

केतकी कॉम्प्युटरवर बसली. ओटिएनोचा फोटो समोर होता. जरासा उजळला तर आईला एकदम धक्का बसणार नाही, तिला वाटलं. बोटं सवयीने फिरली. गाल उजळले, नाक थोडं बारीक झालं. आणि घरचाच नियम म्हणून तिने तो नमुना आधी त्यालाच पाठवला. "ठीक वाटतो ना?"

त्याचं उत्तर आलं.

"माणूस छान आहे. कोण आहे?"

आणि पाठोपाठ, "घरी यालाच बोलव, केतकी. मी आलो तर तुझी आई फोटोकडे बघेल, मग माझ्याकडे, मग परत फोटोकडे."

पाहुण्यांच्या ज्या नजरेने केतकी रडली होती, ती नजर आज तिने स्वतःच्या हाताने त्याच्यावर टाकली होती. तिने तो फोटो पुसून टाकला. "चुकले," तिने लिहिलं. "आता खरा घेऊन जाते. नाही म्हणायचं असेल तर त्यांना खऱ्यालाच म्हणू दे. तूही मला म्हणू शकतोस."

"जाऊन ये," त्याने लिहिलं. "मग बघू."

अण्णांनी खरा फोटो हातात घेतला. जुन्या सवयीने उजेडाकडे धरला. आत्या काही बोलणार, तोच ते म्हणाले, "पाठीमागे खिडकी ठेवून कुणी काढलाय हा? पोराचे डोळेच दिसत नाहीत. बोलव त्याला. मी काढतो."

ओटिएनो आला. पडद्यावरचं तळं त्याने निरखून पाहिलं. "आमचं तळं याहून मोठं आहे, अण्णा," तो कारखान्यात शिकलेल्या मराठीत म्हणाला, "पण हंस तुमचे मोठे."

आत्यांनी घाबरत विचारलं, "तुम्ही सकाळी खाता तरी काय?"

"चहा-चपाती, आत्या."

"चपाती?" आत्या खुर्चीत टेकल्या. "मग एवढं लांब राहून केलंस काय, आधीच यायचंस!"

आई सवयीने पावडरचा डबा घेऊन आली आणि दोघांकडे बघून जागच्या जागी थांबली. "लावा ना," ओटिएनो म्हणाला, "पण केतकी ओळखू येईल एवढीच." आई हसली. डबा फळीवर गेला.

अण्णांनी दिवे पुन्हा पुन्हा सरकवले. मग दोघांचा फोटो काढला आणि त्यावर काहीही फिरवलं नाही.

आता त्या जागी मोबाईलचं दुकान आहे. हिरवा शालू आईने जपून ठेवलाय, पडदा कुठे गेला ठाऊक नाही. केतकीच्या घरात तो फोटो मात्र भिंतीवर आहे. आलेला पाहुणा आधी फोटोकडे बघतो, मग त्या दोघांकडे. तिसऱ्यांदा बघायची वेळ कुणावर येत नाही.

तात्पर्य: माणसाबद्दल ऐकलेलं बाजूला ठेवून त्यालाच विचारावं, आणि ज्याला आपलं म्हणायचं त्याला आहे तसाच चारचौघांपुढे उभा करावा, आपल्या सोयीसाठी उजळलेला माणूस कधीच आपला होत नाही.