शेवटचा आत येईपर्यंत

पूर्वी पोतली नगरात अश्मकांचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गृहपतीच्या कुळात जन्मला होता. उत्तर वेशीजवळ त्याचे मोठे आवार होते. एका अंगणाभोवती सात खोल्या, आणि सगळ्यांना मिळून एकच दार. खोल्या तो विणकर, कुंभारीण अशा कष्टकऱ्यांना भाड्याने देई. कोणाला द्यायच्या ते त्याचा कारभारी कटुक पाही. तोही त्याच आवारात एकटा राहत असे.

एकदा उत्पला नावाची गवळण खोली मागायला आली. तिच्या साऱ्या गाई एका साथीत गेल्या होत्या. उरला होता तो त्यांना राखणारा कुत्रा, पिंगळ्या. सूत कातून पोट भरावे म्हणून ती नगरात आली होती.

कटुकाने कुत्र्याचे दात पाहिले, मग बरगडीत काठी खुपसली. पिंगळ्या गुरगुरला.

"बघितलंत, धनी? चावरा आहे. बाई, तू राहा. कुत्रं वेशीबाहेर सोड."

उत्पलेने खाली ठेवलेले गाठोडे पुन्हा उचलले. "मग मीही वेशीबाहेरच राहते, दादा."

बोधिसत्त्व म्हणाला, "कटुका, बरगडीत काठी खुपसलीस तर मीही गुरगुरेन. तीन दिवस राहू दे दोघांना. हा पोरांशी कसा वागतो, परका माणूस आला तर काय करतो, ही बाजारात गेली की एकटा कसा राहतो, ते पाहू. मग ठरवू."

पिंगळ्या कोणावर धावला नाही. पोरांनी शेपटी ओढली, तर उठून दुसरीकडे बसला. पण दिवस कलला की तो दाराशी उभा राहून भुंकू लागे, आणि बऱ्याच वेळाने एकाएकी गप्प होई.

उत्पलेची सूत कातायची चाती तेवढा वेळ थांबे. तिने डोळे मिटले की माळावर धूळ उडे, गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजत, आणि सगळ्यांच्या मागून लंगडी कबरी येई. मग उत्पला गोठ्याचे फाटक लावी. ते फाटक आता गवतात बुडाले असेल.

तिसऱ्या संध्याकाळी कटुक सोंगट्या खेळून परतला तो ओरडतच. "धनी, आता तरी पटलं? रोज दाराशी हा कालवा!"

उत्पला गाठोडे बांधू लागली. बोधिसत्त्व दुपारपासून दाराशीच बसला होता.

"बाई, गावाकडे हा कधी गप्प व्हायचा?"

"शेवटची गाय आत आली की, धनी."

"इथेही तसंच आहे. विणकर आला, कुंभारीण आली, तरी हा भुंकतच होता. कटुका, तू पाऊल आत टाकलंस आणि हा थांबला. काल आणि परवाही असंच झालं, शेजाऱ्यांना विचारलं मी."

"माझ्यासाठी?" कटुक म्हणाला. बारा वर्षे तो त्या दारातून येत-जात होता. त्याने काठी भिंतीला टेकवली.

"लवकर येत जा रे बाबा," कुंभारीण आतून ओरडली, "आमचेही कान वाचतील!"

बोधिसत्त्वाने उत्पलेला खोली दिली. अट एकच घातली, आणि तीही कटुकाला: दिवे लागायच्या आत घरी यायचे.

दुसऱ्या दिवशी ऊन पिवळे असतानाच पिंगळ्या गप्प झाला. उत्पला उठली, आणि कोणी न सांगता तिने आवाराचे दार लावले.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, आज सकाळी ज्याने विहाराच्या दारातल्या कुत्र्यावर खराटा उगारला, तो तेव्हा कटुक होता. रोज ताक घेऊन येणारी उपासिका उत्पला होती. शेवटचा भिक्षू परतेपर्यंत जो दार लावीत नाही, तो आपला द्वारपाल पिंगळ्या होता. आणि तो गृहपती मीच होतो." अशी ही समदृष्टीची कथा आहे.