राजवैद्याचा काढा आणि कोष्ट्याची सून

फार फार जुनी गोष्ट हं! एका राज्यात तानूबाई नावाची कोष्टीण राहायची. जीभ तिखट, पण सुनेवर, हौसावर, भारी जीव.

हौसाचं तान्हं बाळ दगावलं. त्या गावची रीत अशी, की तान्ह्यासाठी रडायचं नाही. रडलं तर म्हणे पुन्हा कूस उजवत नाही! तानूबाईनं सुनेला डोळे पुसायला लावले. हौसा रडली नाही, पण जेवेनाशी झाली, बोलेनाशी झाली. रिकाम्या पाळण्याला झोके देत बसायची.

घाबरून तानूबाईनं तिला राजवैद्याकडे नेलं. वैद्यबुवांनी लांबूनच पाहिलं आणि सांगून टाकलं, "वेड लागलंय. हा काढा रोज द्या!"

काढ्यानं काय झालं? हौसाचे हात लटलटा कापू लागले. मागावर बसली की धागा तुटायचा. तानूबाई पुन्हा वैद्याकडे धावली.

"वेड वाढलंय," वैद्यबुवा म्हणाले. "काढा दुप्पट करा. तरी हात कापले, तर कोठडीत ठेवावं लागेल."

लेकीसारखी सून कोठडीत? छे! तानूबाईनं पदर खोचला, काढ्याचं भांडं उचललं, हौसाचा हात धरला आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, सुनेचे हात कापतात म्हणून वैद्यबुवा तिला वेडी म्हणतात. हा त्यांचा काढा आधी त्यांनाच पाजा! चांगला असेल तर बाधायचा नाही!"

वैद्यबुवा दरबारातच होते, त्यांनी ऐटीत पेला रिकामा केला. आणि काय सांगू! घटकाभरानं पगडी सावरायला उचललेला त्यांचा हात लटलटा कापू लागला!

"अगं बाई, वैद्यबुवांना वेड लागलं!" तानूबाई ओरडली. "पाजा आणखी एक पेला! घाला कोठडीत!"

"मी चांगला शहाणा आहे!" वैद्यबुवा किंचाळले. "हात काढ्यानं कापताहेत, काढ्यानं!"

बोलून गेले आणि जीभ चावली. दरबार खो खो हसला. राजा मात्र हसला नाही. त्यानं हौसाला विचारलं, "पोरी, तुला काय होतंय गं?"

तोवर हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"महाराज, माझं बाळ गेलं," हौसा म्हणाली. "आणि मला रडू देत नाहीत."

तानूबाई चरकली. रडू दिलं नव्हतं कुणी? तिनंच की! भर दरबारात तिनं सुनेला पोटाशी धरलं. "रड गं माझ्या बाई, पोटभर रड. चुकलं माझं!" दोघी हंबरडा फोडून रडल्या.

मग काढा हळूहळू सुटला, हात कापायचे थांबले, माग पुन्हा खटखटू लागला. राजानंही दवंडी पिटवली, की रोग्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय कुणा वैद्यानं औषधाला हात लावायचा नाही.

तात्पर्य काय, तर दुःखाला वेड म्हणण्याआधी दुःखी माणसाचं ऐकून घ्यावं.