नऊशे पाहुणे, दहा किलो तांदूळ

सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी राजवाड्यातल्या पंगतीत भात संपला. राजाच्या नातवाचं बारसं होतं. नऊशे पानं मांडली होती आणि शंभर वाढून होताहेत तोच पातेल्याचा तळ खरवडल्याचा आवाज आला. खुद्द राजाचे व्याही नुसत्या लिंबाच्या फोडीकडे बघत बसले होते.

करंजगडच्या महिपत राजाने आचाऱ्याला, भिवाला, तिथल्या तिथे बेड्या घातल्या.

भिवाची बायको हौसा चुलीपुढून उठली ती तशीच, पाच महिन्यांचं पोर कडेवर घेऊन दरबारात शिरली. पोराला सकाळपासून पाजलं नव्हतं, अंग जरा कोमट लागत होतं, आणि त्याचा बाप साखळीत. हौसाची एक खोड होती. भीती जितकी जास्त, तितकी जीभ तिखट.

"महाराज, गुन्हा काय?"

"चोरी," राजा म्हणाला. "नऊशे माणसांचा तांदूळ दिला होता. जेवली शंभर. बाकीचा गेला कुठे?"

"दिला किती होता?"

"दहा किलो."

हौसाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आढ्याकडे पाहिलं.

"दहा किलोत नऊशे? महाराज, माणसं बोलावली होती की मुंग्या?"

"संगणक सांगतो, पुरतात."

करंजगडात संगणक येऊन वर्ष झालं होतं. अक्कल अजून वाटेत होती. सिंहासनाशेजारी चौरंग मांडून त्यावर यंत्र बसवलं होतं, वर रेशमी झूल. त्यात कोठाराचा तक्ता होता. वरच्या चौकटीत पाहुणे किती ते लिहायचं, की खालच्या चौकटीत तांदूळ किती लागेल ते यंत्र स्वतः गणित करून दाखवणार. कोठीवाला तेवढाच मोजून देणार, वर एक दाणा नाही. आता वर नऊशे होते आणि खाली दहा.

"गेल्या महिन्यात शंभर पाहुण्यांनाच दहा किलो लागले होते," भिवा पुटपुटला. "मी कोठीवाल्याला म्हटलं, तर म्हणतो, यंत्राशी वाद घालू नकोस."

"बरोबरच म्हणाला," राजा म्हणाला. "खोटं माणूस बोलतो, यंत्र नाही. हौसा, नवरा सोडवायचाय ना? मग आपण चुकलो, हे या यंत्राकडूनच कबूल करून घे. शपथा नकोत, साक्षीदार नकोत. दिवस मावळेपर्यंत नाही जमलं तर चंबूगबाळं उचला आणि वेशीबाहेर व्हा."

दरबारी गालातल्या गालात हसले. दोन संगणकपंडित होते, तेही पुढे सरसावले. थोरल्या पंडिताचं मत पडलं, मुहूर्त पाहून यंत्र बंद करावं आणि पुन्हा चालू करावं. धाकट्याचं मत पडलं, नवंच यंत्र घ्यावं. यंत्रं विकायचं दुकान त्याच्या मेव्हण्याचं होतं.

हौसाने पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"पंडितजी, वरचे नऊशे पुसा आणि शून्य लिहा."

"शून्य? म्हणजे जेवायला कोणीच नाही?"

"समजा सगळ्यांना एकादशी आहे."

पंडिताने शून्य लिहिलं. खाली तेच, दहा किलो.

"महाराज, पाहुणा एक नाही, आचारी बेडीत, चूल विझलेली. तरी दहा किलो लागतायत. विचारा बरं यंत्राला, जेवतंय कोण?"

राजाने डोळे बारीक केले.

"आता एक लाख लिहा," हौसा म्हणाली. खाली पुन्हा दहा. "छान झालं. शेजारचा राजा सैन्य घेऊन आला तर तलवारी उपसू नका, पानं मांडा. दहा किलोत भागतंय."

कोणीतरी उपरण्यात तोंड घालून खोकलं. राजाची मिशी थरथरली, पण मान काही वाकेना.

"चुकलं, मान्य. पण का चुकलं? ते कळल्याशिवाय बेडी निघायची नाही."

आता आली पंचाईत. हौसाला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला कळत होतं पोर. पोर किरकिरायला लागलं की ती आधी आठवायची, शेवटचं कधी खेळलं आणि त्यानंतर त्याच्या पोटात काय गेलं.

"यंत्राने शेवटचं बरोबर उत्तर कधी दिलं?"

"गेल्या महिन्यात. त्या शंभर पाहुण्यांच्या वेळी," थोरला पंडित म्हणाला.

"आणि त्यानंतर त्याला कोणी काय केलं?"

प्रधान आपले जोडे न्याहाळू लागला. धाकट्या पंडिताची पगडी अचानक सैल झाली. शेवटी थोरलाच चाचरत म्हणाला, "त्या दिवशी महाराज स्वतः आकडे लिहीत होते. वरचा बदलला की खालचा आपोआप हलायचा. महाराज कडाडले, माझ्या राज्यात माझ्या हुकुमाशिवाय आकडा हलतो म्हणजे काय? मग आम्ही गणित 'आपोआप'वरून काढलं आणि 'सांगितल्यावर' असं करून ठेवलं."

"सांगायचं कोणी?"

"महाराजांनी. एफ नऊ नावाची कळ आहे, ती दाबायची."

"आणि हे महाराजांना कोणी सांगितलं?"

"धीर झाला नाही," पंडित म्हणाला.

हौसाने एका हाताने पोर सांभाळत मान लववली. "महाराज, मग यंत्र बिघडलेलंच नाही की. उभ्या दरबारात तुमचा हुकूम अक्षरशः पाळणारा तो एकच नोकर. महिनाभर तुमच्या तोंडाकडे बघत बसलाय बिचारा. आठशे माणसं उपाशी उठली, पण त्याने हुकूम मोडला नाही."

राजाने वर पुन्हा नऊशे लिहायला लावले, खाली वाकला आणि स्वतःच्या बोटाने कळ दाबली. दहाचे नव्वद झाले.

राजाला आधी नाकातून हसू फुटलं, मग पोट धरून. "म्हणजे चोर मीच निघालो!"

"मी कुठं तसं म्हटलं?" हौसा म्हणाली. "मी साधी आचाऱ्याची बायको."

"मग आता पुन्हा आपोआप करून टाकू म्हणतेस?"

"बघा बाई. दर पंगतीला उठून कळ दाबायची आवड असेल तर राहू द्या."

राजा पुन्हा हसत सुटला. भिवाच्या बेड्या निघाल्या, नव्वद किलोंचं आधण चढलं. हौसाला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या, कोठाराचा कारभार मिळाला, आणि तिने मागून घेतला तो मुदपाकखान्यात टांगायचा पाळणा.

मग ती तिथेच खांबाआड पाठमोरी बसली, पदर ओढून पोराला पाजायला घेतलं आणि खांद्यावरून म्हणाली, "पंडितजी, पलीकडच्या राज्यातही असली यंत्रं आली आहेत म्हणे. तिथल्या आचाऱ्यांनाही बायकापोरं असतील. तेवढा निरोप धाडा सगळीकडे. आकडा हलेनासा झाला, तर आधी गणित 'आपोआप'वर आहे का ते बघा म्हणावं, आणि मग माणसं बांधा."