गारगोटीच्या शिरेचा शाप

एका राज्यात एक डोंगर होता. त्याच्या पाठीवर गारगोटीची पांढरीशुभ्र शीर होती आणि त्या शिरेत सोने होते. डोंगर कुणाच्या अध्यात नव्हता, मध्यात नव्हता. पण तिथल्या चंडकेतू राजाला दुसऱ्याचे सुख बघवत नसे, मग ते डोंगराचे का असेना. त्याने शीर फोडवली, सोने उपसले, त्याचा मुकुट घडवला आणि डोक्यावर चढवला.

मुकुट डोक्यावर टेकला त्याच क्षणी राज्यातल्या माणसांच्या जुन्या, भरलेल्या जखमा उघडल्या. सुताराच्या अंगठ्यावर पटाशी लागली होती, ती जखम उघडली. लहानपणी चिंचेवरून पडलेल्या म्हातारीचे कपाळ पुन्हा फुटले. बाळंतपणाला वर्षे लोटलेल्या बाया पुन्हा खाटेला खिळल्या. बिचाऱ्यांनी कुणाचे काय केले होते? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी.

राजाला मात्र काही झाले नाही. त्याच्या अंगावर एकही व्रण नव्हता. असेल कसा? लढाईत त्याच्यापुढे नेहमी दुसरेच उभे राहत.

त्या दुसऱ्यांत पहिला होता अंगरक्षक कीर्तिपाल. राजावर आलेला भाला त्याने आपल्या बरगडीत घेतला होता. ती जखम आता वाहू लागली ती थांबेना. त्याची धाकटी बहीण धारिणी राज्याची शिलापरीक्षक होती. दगड हातात घेतला की तो कुठल्या डोंगराचा, हे ती सांगे. भावाच्या पट्ट्या बदलत बसली असताना तिला दरबारातून बोलावणे आले.

राजाच्या शेजारी वक्रदंत मांत्रिक उभा होता.

“धारिणी,” राजा म्हणाला, “खाणीतली शीर मध्येच संपली. उरलेली शोधून दे.”

“महाराज, माझा भाऊ मरणाच्या दारात आहे.”

“म्हणून तर जायचं,” वक्रदंत म्हणाला. “शिरेतलं शेवटचं सोनं निघालं की शाप फिटेल. भावाचे प्राण तुझ्या हाती आहेत.”

ज्याने राजावरचा भाला स्वतःच्या अंगावर घेतला, त्याचे नावसुद्धा राजाने काढले नाही. धारिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भाऊ वाचवायचा होता. ती रागाचा घोट गिळून निघाली.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला नदी होती. नदीकाठी एक टिटवी राखण करीत असे, आणि ती माणसासारखी बोलत असे.

“आलीस? उपसायला आलीस?” टिटवी कडाडली. “तीन गोष्टी करशील तर डोंगर तुझ्याशी बोलेल. नाहीतर आल्या वाटेने चालती हो. पहिली गोष्ट. या वाळूत सोन्याचे कण येतात, ते कुठून?”

वळणावर कण पुष्कळ होते. लोभी माणूस तिथेच फतकल मारून बसला असता. धारिणी लाकडी परातीत वाळू धूत प्रवाहाच्या उलट वर वर चालली. खालचे कण घासून गुळगुळीत झालेले होते. वर जावे तसे ते खडबडीत, कोपरेदार मिळू लागले. मग एके ठिकाणी परात रिकामीच राहिली. तशी ती चार पावले मागे फिरली आणि काठावरून वर चढणाऱ्या उतारावर तिने बोट ठेवले.

“इथून,” ती म्हणाली.

टिटवीने दुसरी गोष्ट सांगितली. उतारावर दोन पिवळे दगड झगमगत होते. “खरं सोनं कुठलं?” धारिणीने दोन्हींवर हातोडी मारली. एकाचा चुरा होऊन गंधकाचा उग्र वास सुटला. दुसरा फुटला नाही, चपटा झाला. तिने तो उचलून टिटवीपुढे ठेवला.

मग टिटवीने तिला एका गुहेत नेले. तिथे खाणीतली शीर येऊन एका आरशासारख्या भिंतीपाशी तुटली होती. भिंतीपलीकडे राजाच्या माणसांनी सरळ खणून नुसता काळा दगड काढला होता. “डोंगर इथे सरकला,” टिटवी म्हणाली. “कुठल्या बाजूला?”

धारिणीने डोळे मिटून भिंतीवरून तळहात फिरवला. वरच्या दिशेने फिरवला की ओरखडे हाताला बोचत. खालच्या दिशेने तोच हात लोण्यावरून फिरावा तसा जाई. “जिकडे गुळगुळीत, तिकडे सरकला. खाली,” ती म्हणाली. ती खाली उतरली, तांबूस गंजकी माती तिने बाजूला केली, आणि आत पांढरी शीर लखकन चमकली. तिने हातोडी उगारली. भाऊ वाचला, एवढेच तिच्या मनात होते.

“थांब,” डोंगर म्हणाला.

तिने न मारताच हातोडी खाली घेतली.

“फार पूर्वी धरणी हादरली आणि मी दुभंगलो,” डोंगर म्हणाला. “पोटातलं उकळतं पाणी भेगेत चढलं. निवता निवता त्याची गारगोटी झाली. थोडं सोनंही त्यात अडकलं. माझी जखम भरायला युगं लागली. तुमच्या राजाने ती उकरली. ती उघडी आहे तोवर कुणाचीच मिटणार नाही.”

“आणि ही उरलेली शीर काढली तर?”

“तर तुझा भाऊ आजच जाईल. बाकीचे मागोमाग.”

“उपाय सांग, डोंगरबाबा.”

“नेलं ते सगळं परत आण. मुकुट ज्याने चढवला त्यानेच स्वतःच्या हाताने उतरवावा. तो कातडीला चिकटला आहे. उतरवताना जखम होईल.”

धारिणी संतापाने रडली. एका डोक्यावर दागिना शोभावा म्हणून आख्खे राज्य रक्ताने माखले होते! ती धावत सुटली ती थेट दरबारात आली. तिच्या मागे जखमी लोक गोळा होत आले आणि त्यांनी दरबार भरून गेला. तिने डोंगराचा शब्द सर्वांदेखत सांगितला.

“थोतांड!” वक्रदंत ओरडला. “शीर कुठे आहे तेवढं बोल!”

“नाही सांगणार.”

“धरा हिला!” राजा गरजला.

पहारेकऱ्यांच्या हातांना पट्ट्या होत्या. एकही हात हलला नाही. राजाने मुकुटाला हात लावून पाहिला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“सोनं परत देतो,” तो म्हणाला. “मुकुट राहू दे. नाहीतर हे दुखणं माझ्याऐवजी कुणी घ्या. मागेल ते देईन.”

“लाज नाही वाटत?” धारिणी कडाडली. “बाळंतिणी रक्तात निजल्या आहेत, म्हाताऱ्या विव्हळताहेत, आणि तुम्हांला एक ओरखडा सोसवत नाही? महाराज म्हणवून घेता कुणाच्या जिवावर?”

तेवढ्यात दारातून कीर्तिपाल आत आला. बहिणीचा आवाज ऐकून भिंत धरत धरत आला होता. जन्माची सवय, तो जाऊन राजाच्या पुढे उभा राहिला.

“दादा, पुरे झालं आता!” धारिणी किंचाळली.

कीर्तिपाल राजाकडे वळला. “महाराज, आजवर तुमच्यावर आलं ते मी घेतलं. हे मला घेता येत नाही. उतरवा.” आणि तो गुडघ्यांवर कोसळला. त्याचे रक्त राजाच्या पायांपर्यंत गेले.

राजाने पायांकडे पाहिले. मग त्याने दोन्ही हातांनी मुकुट धरला आणि ओढला. त्याच्या किंकाळीने दरबार हादरला. रक्त त्याच्या डोळ्यांत उतरले.

“एवढं दुखतं?” त्याने विचारले.

“हो महाराज,” कीर्तिपाल म्हणाला. “एवढंच दुखतं.”

राजाने सारे सोने स्वतः वाहून भेगेत लोटले आणि वर मुकुट ठेवला. आतून उकळते पाणी चढले, निवले, पांढरे झाले. डोंगराची जखम मिटली, कीर्तिपालाची मिटली, साऱ्या राज्याची मिटली. वक्रदंताचा पिवळा, झगमगता दगड झाला. पोरांनी ठोकून पाहिला तेव्हा गंधकाचा वास आला.

राजाच्या कपाळावर व्रण राहिला. पुढे शत्रू चालून आला, तेव्हा राजा पहिल्यांदाच सैन्याच्या पुढे उभा राहिला, आणि सूर्य मावळायच्या आत त्याने तह केला. लोक म्हणाले, राजा शहाणा झाला. धारिणी म्हणाली, “शहाणा कसला? त्याला आता दुखतं.”

डोंगराची जखम भरली तशी ऐकणाऱ्यांचीही भरो.