चिचीची करवंटी आणि खडखड पत्रा

एक होती चिचुंद्री. एवढीशी! नाक लांब, पाय आखूड, डोळे मोहरीएवढे. तिचं नाव चिची.

समुद्राकाठी एक वाडी होती. वाडीत शेवंताकाकूचं घर होतं. घराच्या पडवीत चिची राहायची. नारळाची अर्धी करवंटी, करवंटीत मऊ मऊ काथ्या. तोच चिचीचा बिछाना.

एके दिवशी सकाळी वारा सुटला. सूं सूं! सूं सूं!

पडवीच्या पत्र्याचा खिळा निघाला. टण्!

पत्र्याचं टोक खाली लोंबलं आणि आपटायला लागलं. खडाड् खट्! खडाड् खट्!

चिचीची करवंटी गडगडली. गड गड गड! थेट पत्र्याखाली जाऊन बसली.

चिची धावली, तुरूतुरू. पत्रा आपटला, खडाड् खट्! चिची मागे.

चिची पुन्हा धावली, तुरूतुरू. पत्रा पुन्हा आपटला, खडाड् खट्! चिची पुन्हा मागे. शेपूट थोडक्यात वाचलं!

चिची म्हणाली,
"चिक् चिक्! पत्र्या रे पत्र्या, आपटायचा थांब.
माझी करवंटी मिळेना!"

पत्रा म्हणाला, "छे गं बाई, छे! वारा ढकलतो, मी काय करू? दोरी मला बांधेल, तर मी थांबेन."

चिची निघाली दोरीकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

"चिक् चिक्! दोरी गं दोरी, पत्र्याला बांध.
पत्रा थांबेना,
माझी करवंटी मिळेना!"

दोरी म्हणाली, "छे गं बाई, छे! माझं एक टोक खुंट्याला, एक टोक शेळीच्या गळ्याला. शेळी गोठ्यात जाईल, तर मी सुटेन."

चिची निघाली शेळीकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

शेळी फणसाचं पान खात होती. चपर चपर.

"चिक् चिक्! शेळी गं शेळी, गोठ्यात जा.
दोरी सुटेना,
पत्रा थांबेना,
माझी करवंटी मिळेना!"

शेळी म्हणाली, "बें बें! छे गं बाई, छे! गोठ्याच्या दारात झावळ्यांचा ढीग. हा एवढा! झावळ्या सरकतील, तर मी जाईन."

आणि तिने दुसरं पान तोंडात घातलं. चपर चपर.

चिची निघाली झावळ्यांकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

"चिक् चिक्! झावळ्यांनो, झावळ्यांनो, बाजूला सरका.
शेळी जाईना,
दोरी सुटेना,
पत्रा थांबेना,
माझी करवंटी मिळेना!"

झावळ्या म्हणाल्या, "सळ सळ! छे गं बाई, छे! आम्हाला ना हात, ना पाय. शेवंताकाकू उठेल, तर आम्ही सरकू."

चिची निघाली काकूकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

काकू पाटावर बसून सुकी कोळंबी निवडत होती. एक सुपात, एक ताटात.

"चिक् चिक्! काकू गं काकू, पाटावरून ऊठ.
झावळ्या सरकेनात,
शेळी जाईना,
दोरी सुटेना,
पत्रा थांबेना,
माझी करवंटी मिळेना!"

काकू म्हणाली, "छे गं बाई, छे! एवढ्याशा वाऱ्याला कोण उठतं? मागच्या खेपेला सगळे म्हणाले, वादळ येणार, वादळ येणार! मी धावून धावून घर आवरलं. आणि आली काय? झुळूक! त्या झुळकीने माझं लुगडंसुद्धा वाळलं नाही! रेडिओ बोलेल, तर मी उठेन."

चिची निघाली रेडिओकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

रेडिओ फळीवर गप्प बसला होता.

"चिक् चिक्! रेडिओ रे रेडिओ, काहीतरी बोल.
काकू उठेना,
झावळ्या सरकेनात,
शेळी जाईना,
दोरी सुटेना,
पत्रा थांबेना,
माझी करवंटी मिळेना!"

रेडिओ हळूच म्हणाला, "खर्र... छे गं बाई... खर्र... छे! माझं पोट रिकामं. पोटात सेल नाहीत. डबा उघडेल, तर मी बोलेन. खर्र..."

चिची निघाली डब्याकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

कोपऱ्यात एक मोठ्ठा डबा होता. काकांनी पावसाच्या आधीच भरून ठेवलेला. त्यात विजेरी होती, सेल होते, काडेपेटी होती, तापाचं औषध होतं, चणे-गूळ होते. आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड होतं.

"चिक् चिक्! डब्या रे डब्या, झाकण उघड.
रेडिओ बोलेना,
काकू उठेना,
झावळ्या सरकेनात,
शेळी जाईना,
दोरी सुटेना,
पत्रा थांबेना,
माझी करवंटी मिळेना!"

डबा आतून घुमला, "छे गं बाई, छे! माझ्या पोटात सगळं आहे गं. पण डोक्यावर कोण आहे, बघ! बोका उठेल, तर मी उघडेन."

चिचीने वर बघितलं.

झाकणावर बोका झोपला होता. गोल गरगरीत. घुर्र... घुर्र...

बाप रे! बोका!

चिची चार पावलं मागे सरली. बाहेर वारा वाढला. सूं सूं सूं! पत्रा जोरात आपटला. खडाड् खट्! खडाड् खट्!

चिचीने डोळे घट्ट मिटले आणि वर चढली. तुरूतुरू... तुरू... तुरू...

"चिक् चिक्! बोक्या रे बोक्या, झाकणावरून ऊठ.
डबा उघडेना,
रेडिओ बोलेना,
काकू उठेना,
झावळ्या सरकेनात,
शेळी जाईना,
दोरी सुटेना,
पत्रा थांबेना,
माझी करवंटी मिळेना!"

बोक्याने एक डोळा उघडला.

"छे गं बाई, छे! मी काकूसाठी उठत नाही. काकांसाठी उठत नाही. दुधासाठी... दुधासाठी जरा विचार करतो. तुझ्यासाठी? छे, छे, छे!"

आणि डोळा मिटला. घुर्र... घुर्र...

आता मात्र चिचीला राग आला. असा राग, असा राग! नाक लाल, कान लाल.

आणि चिचुंद्रीला राग आला की काय होतं, ठाऊक आहे?

वास सुटतो! असा वास, असा वास!

बोक्याचं नाक हललं. हुं? हुं हुं?

"ई ई ई! शी शी शी! आक् छी!"

बोका उडाला टुणकन! तो थेट खिडकीत!

बोका उठला, डबा उघडला. फट्!

सेल घरंगळले, रेडिओच्या पोटात शिरले. खट् खट्!

रेडिओ बोलला, "ऐका हो ऐका! मोठं वादळ येतंय! आज दुपारी येतंय! पत्रे बांधा, जनावरं आत घ्या, पाणी भरून ठेवा, पक्क्या इमारतीत जा!"

काकू उठली. "अगं बाई! या खेपेला खरंच येतंय की!" सूप इकडे, ताट तिकडे, पाट भलतीकडे!

झावळ्या सरकल्या. सळ सळ सळ!

शेळी गोठ्यात गेली. बें बें!

दोरी सुटली. काकू स्टुलावर चढली. एक वेढा, दोन वेढे, गच्च गाठ!

पत्रा थांबला. खडाड्... गप्प!

आणि करवंटी? करवंटी मिळाली! चिची पळाली तुरूतुरू आणि आत जाऊन बसली. हुश्श!

पण काकू कुठली बसायला! तिने हंडा भरला, कळशी भरली, वर झाकण ठेवलं. शेळीला चारा टाकला. विजेचं मोठं बटण खाली केलं. खट्!

एवढ्यात काका धावत आले. ते खाडीवर होडी ओढून ठेवायला गेले होते. धापा टाकत म्हणाले, "शेवंते गो, वादळ येतंय! पत्रा बांध!"

"बांधला."

"शेळी आत घे!"

"घेतली."

"पाणी भर!"

"भरलं."

"मग... मग मी काय करू?"

"तुम्ही हा डबा उचला," काकू म्हणाली. "आणि शाळेत चला. शाळेची इमारत पक्की आहे."

काकांनी डबा उचलला. काकूने रेडिओ घेतला, सुकी कोळंबी घेतली आणि चिचीची करवंटी टोपलीत ठेवली. बोका मागून आला. चांगला दहा पावलं मागून! नाक वर करून!

शाळेत सगळी वाडी जमली. दारं लावली, खिडक्या लावल्या.

आणि वादळ आलं. सूं सूं सूं! घों घों घों! धाड् धाड् धाड्!

चिची करवंटीत गोळा होऊन बसली. काकूने टोपलीवर हात ठेवला. "भिऊ नको हं. मी आहे."

वादळ आलं, वादळ गेलं. संध्याकाळी सगळं शांत झालं.

काका-काकू घरी आले. केळी आडव्या झाल्या होत्या. माड वाकडा झाला होता. पण घर होतं तसंच होतं. पत्रा जागच्या जागी होता. गोठ्यातून आवाज आला, "बें बें!"

काका म्हणाले, "बरं झालं गो, तू वेळेवर उठलीस!"

काकू हसली. "मी कुठली उठते? मला हिने उठवलं!"

तिने सुपातली सगळ्यांत मोठी कोळंबी निवडली. चिचीपेक्षा जराशीच लहान! ती चिचीपुढे ठेवली.

"घे गं बाई, घे! ही तुझी."

चिचीने खाल्ली. कुरूम कुरूम. कुरूम कुरूम. शेपटीपासून मिशीपर्यंत सगळी खाल्ली.

चिचीचं पोट भरलं, चिचीचे डोळे मिटले. चिची निजली, गोष्टही निजली.