बेचिराख गावातला दिवा

शके अठराशे चोवीस, मार्गशीर्ष महिना. थंडी नुकती पडू लागली होती. तेव्हा एकदा एक वृद्ध गुरू आपल्या शिष्यासह डोंगराकडच्या गावांतून चालले होते. शिष्य हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे तो विसरत नसे. गाठीच्या तापाने कोणती गावे उठली, ते कचेरीत लिहून देण्याचे काम त्याला मिळाले होते. ज्या गावापुढे तो ‘बेचिराख’ लिहील, त्याची जमीन आणि विहीर शेजारच्या गावाला जोडली जाणार होती.

दिवेलागणीला दोघे एका गावात शिरले. घराघराला कुलूप. शिष्याने उभ्याउभ्याच लिहिले, ‘बेचिराख’.

“मी मेले का?” अंधारातून आवाज आला.

ओट्यावर एक म्हातारी बसली होती. सगुणा तिचे नाव. गाव पळाले, मुलगे खाणीवर कामाला गेले. ही मात्र विहीर राखत मागे राहिली होती.

“आजी, एकट्या माणसाला गाव म्हणत नाहीत,” शिष्य म्हणाला.

“मग ताप ओसरल्यावर माझी पोरं यायची ती कुठं? तुझ्या घरी?”

 शिष्य चालू लागला. गुरू मात्र हलले नाहीत.

“चिराख म्हणजे काय रे?”

“बेचिराख म्हणजे उजाड.”

“ते नाही विचारलं. चिराख.”

“तसा शब्द नाही, गुरुजी.”

गुरूंनी कपाळाला हात लावला. मग शिष्याच्या पडशीतून तेलाची बुधली काढली आणि म्हातारीची कोरडी पणती भरली. उरलेले तेल तिच्या गाडग्यात ओतले.

“अहो, आपण भाकरी खायची कशाशी?” शिष्य म्हणाला.

“कोरडी खा. दात आहेत तुला.”

“बुवा, मला फुकट नको,” म्हातारी म्हणाली. “उसनं म्हणा.”

“उसनं तर उसनं. पण रोज लाव.”

तिने पणती लावली. गुरूंनी तिकडे बोट दाखवले.

“ही चिराख. चिराख म्हणजे दिवा. एक दिवा जळत असला तरी गाव बेचिराख नव्हे. पूर्वी हा शब्द माणसांच्या तोंडी होता. पण जळत्या दिव्याची तक्रार कोण करतो? कोणी बोललं नाही, शब्द गेला. विझल्याची बोंब तेवढी राहिली. तुझंही तेच. कुलपं सगळी दिसली, ही बसलेली दिसली नाही. वर म्हणतोस, शब्दच नाही. इतकी वर्षं मी कोणाला शिकवत होतो, देव जाणे.”

शिष्य पणतीकडे पाहत राहिला. मग तिच्याच उजेडात बसून त्याने आधीचे खोडले आणि लिहिले, ‘वसते गाव. दिवा एक.’

पुढच्या वर्षी माघात तो एकटाच त्या वाटेने गेला. सगुणेच्या मुलांच्या खळ्यावर करडईची मळणी चालली होती. म्हातारीने त्याला ओळखले. बस म्हणाली नाही. आत गेली, घाण्याचे नवे तेल घेऊन आली आणि त्याची बुधली काठोकाठ भरली.

“फिटलं,” ती म्हणाली.